मान वर काढलेली अकरा कार्डं

१

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कानसेन माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून मी हातातलं मुद्रित उलटं ठेवलं.

"बाई, डिस्क नाहीये."

"कुठली डिस्क?"

"सरांची."

मी उठलेच. खुर्ची मागे पडली ती कुणी उचलली कोण जाणे.

आमचं प्रकाशन लहान आहे. एक मालक, हिशोब आणि टपाल बघणारे दोघे जण, ध्वनिमुद्रणाची खोली सांभाळणारा कानसेन आणि मुद्रितं तपासणारी मी. कानसेन हे त्याचं खरं नाव नाही. पण तीन भिंतींपलीकडे पंखा कुरकुरला तरी त्याला ऐकू येतं, म्हणून ते पडलं. मला सगळे पाठीमागे खुसपटबाई म्हणतात. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते आहे, तेव्हा तक्रार नाही. संशय हा माझा स्वभाव नसून धंदा आहे, असं मी घरीसुद्धा सांगते. घरचे मानत नाहीत.

आता ती डिस्क, तळहाताएवढी, ध्वनिमुद्रण साठवायची. आम्ही शाळकरी मुलांसाठी एक बोलता शब्दकोश काढत होतो. त्यात फक्त एका जातीचे इंग्रजी शब्द: स्पेलिंग तेच, पण उच्चार दोन आणि अर्थही दोन. एल, ई, ए, डी ही चार अक्षरं घ्या. लीड म्हटलं तर पुढे होऊन वाट दाखवणं, लेड म्हटलं तर शिसं. टिअर म्हणजे आसू आणि टेअर म्हणजे फाडणं, पण कागदावर दोघांत काडीचा फरक नाही. आपल्या लिपीत असं फारसं होत नाही. जसं बोलतो तसं लिहितो. इंग्रजीत मात्र दोन भाऊ एकाच सदऱ्यात फिरतात आणि हाक कुठल्याला मारायची ते आपण ओळखायचं. पोरं रडकुंडीला येतात.

असल्या दोनशे बारा जोड्या सरांनी चाळीस वर्षांच्या मास्तरकीत जमवल्या होत्या. जाड पुठ्ठ्याची कार्डं, सापडली त्या क्रमाने आकडा घातलेली. तीन महिने ते रोज येत आणि स्वतःच्या आवाजात वाचत: शब्द, त्याचा अर्थ, मग दुसरा उच्चार, त्याचा अर्थ. शुक्रवारी शेवटचं कार्ड झालं. येत्या गुरुवारी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया होती. स्वरयंत्रच काढायचं होतं. शुक्रवार संध्याकाळपासून डॉक्टरांनी त्यांचं बोलणं बंद केलं होतं.

म्हणजे सरांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण कानसेनच्या ड्रॉवरमधून नाहीसं झालं होतं.

"दुसरी प्रत?"

"संगणक भरलाय, बाई. दुसरी डिस्क मागून चार महिने झाले. मालक म्हणाले, बघू."

मालक तोवर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी 'बघू' ऐकलं नाही असं दाखवलं.

"चोर कोण ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "सरांची लेक. पाचपर्यंत डिस्क आली नाही तर मी पोलिसांत जाऊन तिचं नाव देणार."

२

"तिच्याच वडलांचा आवाज ती कशाला चोरेल?" मी विचारलं.

"म्हणूनच तर! शुक्रवारी आली होती माझ्याकडे. म्हणाली, मला एक प्रत द्या, घरी ठेवायला. मी म्हटलं, शब्दकोश बाजारात आल्याशिवाय एक शब्द बाहेर जाणार नाही, करारात आहे. तर म्हणते, बघते मग मी काय करायचं ते." मालकांनी हात झाडले. "आणि शनिवारी दुपारी इथेच होती. करारावर एक सही राहिली होती."

"आणि सर?"

"सर बरोबर होते. पण त्यांचं काय? ते बिचारे बोलूही शकत नाहीत."

मला त्यांचा हा कळवळा जरा जास्त वाटला. मी विचारलं, "डिस्क सापडली नाही तर शब्दकोश रद्द?"

"रद्द कसा होईल? निवेदिकाबाई आहेत ना. शनिवारी सकाळी त्यांची चाचणी घेतली. काय गोड आवाज आहे! खरं सांगू का बाई, सरांचा आवाज शेवटी शेवटी घोगरा झाला होता. विकायचा माल आहे शेवटी."

म्हणजे सरांचा आवाज गेला तर मालकांचं काहीच अडत नव्हतं. उलट सोयच होती. मालकांकडे बघण्याची माझी नजर बदलली असावी, कारण ते लगेच म्हणाले, "माझ्याकडे असं काय बघता? मी त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. त्या भिंतीवरच्या फोमने मला शिंका येतात."

ते मात्र खरं होतं. मालक त्या खोलीच्या दाराशी जरी गेले तरी सात शिंका देतात. सगळं ऑफिस मोजतं.

"पाचपर्यंत मला द्या," मी म्हटलं.

"तुम्ही काय करणार?"

"जे रोज करते तेच. चुका शोधणार."

सर माझेही सर होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. सातवी ते दहावी चार वर्षं मी त्यांच्या वर्गात बसले. इंग्रजीचं जे काही माझ्याजवळ आहे ते त्यांचं आहे. त्यांच्या लेकीला चौकीत बसवलं तर सर शस्त्रक्रियेच्या टेबलावर कुठल्या मनाने चढतील, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

३

ध्वनिमुद्रणाच्या खोलीचे दोन भाग. काचेच्या आत वाचणाऱ्याची खुर्ची, टेबल, माइक. काचेबाहेर कानसेनचं यंत्र. ड्रॉवरला कुलूप होतं आणि किल्ली दारामागच्या खिळ्यावर. कुलूप आपलं नावापुरतं! किल्ली कुठे असते ते चहावाल्यालाही माहीत होतं.

"शनिवारी इथे कोण कोण आलं?"

"सकाळी निवेदिकाबाई. साडेदहा ते बारा. मग मीच. तीनला कुलूप लावून गेलो." कानसेन खाली बघत म्हणाला.

"मधे बाहेर गेला नाहीस?"

"नाही."

उत्तर जरा लवकरच आलं. मी ते मनात टिपून ठेवलं.

आतल्या टेबलावर सरांच्या कार्डांची पेटी होती. लांबट लाकडी पेटी, त्यात दोनशे बारा कार्डं आडवी, एकामागे एक. मी झाकण उघडलं आणि थबकले.

"कानसेन, शुक्रवारी काम पुरं झालं होतं ना?"

"पुरं म्हणजे पुरं. मी स्वतः पेटी बघितली. एकही मान वर नव्हती."

हे सांगायला हवं. आमच्या या खोलीची एक रीत आहे. वाचताना एखादा शब्द चुकला, खोकला आला, तर थांबायचं नाही. ते कार्ड पेटीत आडवं न ठेवता उभं खोवायचं. उभं कार्ड बाकीच्यांपेक्षा बोटभर वर येतं. शेवटी जेवढ्या माना वर दिसतील तेवढे शब्द पुन्हा वाचायचे. सगळ्या माना खाली गेल्या की काम पुरं. रीत कानसेनची, सरांनी ती मनापासून उचलली होती. वर्गात चुकलेल्या मुलाला उभं करायचे ना, तसंच झालं, असं म्हणून ते एकदा हसले होते.

आणि आता पेटीतून अकरा कार्डं मान वर काढून उभी होती.

"ही कुणी केली?"

कानसेनचा चेहरा उतरला. "मी नाही, बाई. देवाशपथ."

मग कुणी? चोर म्हणून जो कुणी आला, तो डिस्क उचलून चालू पडेल. बसून, ऐकून, अकरा शब्द चुकले असं ठरवून, रीतीप्रमाणे कार्डं उभी करून मग चोरी करणारा चोर मी तरी पाहिला नव्हता.

४

निवेदिका अकराला आली. तिशीची, नीटनेटकी, गळ्याला रुमाल. चहाऐवजी कोमट पाणी मागितलं. मला असली माणसं आधी आवडत नाहीत. नंतर कधीकधी आवडतात.

"डिस्क गेल्याने तुमचं भलंच झालं," मी सरळच म्हटलं.

"ताई, माझी चाचणीही त्याच डिस्कवर होती. ती गेली. आता पुन्हा द्यावी लागेल, फुकट." ती हसली. "चोरायचंच असतं तर माझं तेवढं वगळून नसतं का चोरलं?"

मुद्दा खरा होता. पण मी एवढ्यावर सोडणारी नव्हते. "चाचणीत काय वाचलंत?"

"सरांचेच शब्द. पहिल्या साठ जोड्या. मी पडद्यावरून वाचते, कार्डांना हात लावला नाही."

मी ती अकरा कार्डं काढून तिच्यापुढे पसरली आणि सहज पहिलं वाचून दाखवलं. डब्ल्यू, ओ, यू, एन, डी. "वाउंड म्हणजे जखम. वूंड म्हणजे गुंडाळलं."

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "तुम्ही सरांच्या विद्यार्थिनी का?"

"का?"

"उलट आहे ते. वूंड म्हणजे जखम. वाउंड म्हणजे गुंडाळलं."

मी पुढचं वाचलं. एस, ओ, डब्ल्यू. साउ म्हणजे पेरणं, सो म्हणजे डुकरीण. तिने मान हलवली. तेही उलट. इनव्हॅलिड म्हणजे अंथरुणाला खिळलेला, इन्व्हलिड म्हणजे रद्द झालेलं. तेही उलट. एकामागून एक अकराही कार्डांत दोन्ही उच्चार बरोबर होते आणि दोन्ही अर्थही बरोबर होते. फक्त जोडे अदलाबदल होऊन पायांत गेले होते. आणि मी गेली चाळीस वर्षं ते तसेच घालून हिंडत होते. गेल्याच वर्षी एका डॉक्टर लेखकाला मी 'वाउंड'वरून ऐकवलं होतं. माझे कान तापले.

"तुम्हाला हे शनिवारीच कळलं होतं?"

"मी आदल्या दिवशी सरांचं थोडं ऐकलं होतं. कळलं." ती रुमाल चाळवत राहिली. "सांगितलं नाही कुणाला. जुन्या पुस्तकांतून शिकलेली माणसं, ताई. कानावर पडायला त्यांच्या वेळी होतं काय? गुरुवारी ज्याचा आवाज जाणार आहे त्याला काय सांगायचं, की चुकलात?"

ती खरं बोलत होती की मला बनवत होती? चुका तिला माहीत होत्या. खोली तिला माहीत होती. रीत तिला माहीत होती. कार्डं उभी करायला तिच्याइतकं लायक दुसरं कुणीच नव्हतं.

५

दुपारी एक वाजता सरांची लेक स्वतःच आली. मालकांनी फोन करून तिला धमकावलं होतं. डोळे सुजलेले, हातात वडलांच्या तपासण्यांची पिशवी.

"मी घेतली असती," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मनात आलं होतं. शुक्रवारी जिन्यावर बसून अर्धा तास तोच विचार केला. पण घेतली नाही."

"शनिवारी कुठे होतीस?"

"मालकांच्या खोलीत. एक ते दोन. त्यांनी करार पहिल्यापासून वाचून दाखवला, मग सही. बाबा म्हणाले... म्हणजे पाटीवर लिहिलं, की तू वर जा, मी कानसेनला भेटून येतो. त्या खोलीचा निरोप घ्यायचा होता त्यांना. तासाभराने जिन्यापाशी भेटले."

"सर एक तास त्या खोलीत होते?"

"हो. कानसेनदादा होते ना."

मी उठून थेट कानसेनकडे गेले. तो यंत्रावर फडकं मारत होता. जी जागा आधीच चकचकीत होती तीच पुसत होता.

"शनिवारी एक ते दोन तू या खोलीत नव्हतास," मी म्हटलं. "सर होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं सकाळपासून तुझं चाललंय. बोल."

तो खुर्चीत बसला. खरं तर कोसळलाच.

"बाई, बाहेरच्या माणसाला यंत्रापाशी एकटं सोडायचं नाही असा मालकांचा नियम आहे. कळलं असतं तर नोकरी गेली असती. सरांनी पाटीवर लिहिलं, 'एकदा मला ऐकव.' मी हेडफोन दिला. पेटी मागितली, दिली. वर मीच शहाणपणा केला, म्हटलं, सर, नव्या बाईंचंही आहे, तेच शब्द आहेत, ऐका, मजा येईल. आणि मी जेवायला गेलो. परत आलो तर सर गेलेले. सांगून ठेवलं होतं की डिस्क ड्रॉवरमध्ये ठेवा, किल्ली खिळ्यावर लावा. किल्ली खिळ्यावर होती. मी ड्रॉवर उघडून बघितलाच नाही."

"आणि सकाळपासून गप्प बसलास? त्या मुलीवर आळ येत असताना?"

"सर घेतील असं माझ्या मनातच आलं नाही, बाई! स्वतःचं कुणी चोरतं का?"

मला त्याचा राग आला आणि कीवही. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर हवं होतं. आणि तेव्हाच दारातून निवेदिका म्हणाली, "पण ताई, सरांना चुका कळतील कशा? चाळीस वर्षं कळल्या नाहीत त्या!"

६

मी पेटी पुढ्यात घेऊन बसले. मुद्रितं तपासणारी बाई जे करते तेच केलं: शब्द सोडले आणि आकडे बघितले.

पाच. नऊ. चौदा. बावीस. असं करत शेवटचं उभं कार्ड अठ्ठावन्नावं. त्यापुढे दीडशेहून जास्त कार्डं, आणि एकही मान वर नाही.

आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर शिकावी लागते. पुस्तकातल्या खुणा अर्ध्यावर अचानक थांबल्या, तर त्याचा अर्थ पुढे चुका नाहीत असा कधीच नसतो. तपासणारा थांबलेला असतो, किंवा ताडून बघायची प्रत संपलेली असते.

"इकडे या," मी निवेदिकेला म्हटलं. "आता मी साठच्या पुढची वाचते. सरांनी शिकवली तशी. चुकलं की थांबवा."

बहात्तरावं वाचताना तिने बोट वर केलं. मग सत्त्याण्णवावं: बी, ए, एस, एस. बेस म्हणजे मासा, बॅस म्हणजे खालचा सूर. "उलट," ती म्हणाली. शंभरीच्या आत तिने पाच वेळा थांबवलं. तिला क्षणभरही विचार करावा लागत नव्हता.

मी पेटीचं झाकण लावलं. "तुम्ही सुटलात."

"म्हणजे?"

"कार्डं तुम्ही उभी केली असती तर शेवटपर्यंत केली असती. तुम्हाला पुढच्याही चुका कळतात. ज्याने ही अकरा उभी केली त्याला स्वतःला काहीच कळत नव्हतं. त्याच्याजवळ ताडायला दुसरा आवाज होता, म्हणून कळलं. आणि तो दुसरा आवाज साठाला संपला. तुमची चाचणी साठ जोड्यांची होती."

कानसेनने डोक्याला हात लावला.

"लेकीला चुकांशी देणंघेणं नव्हतं, तिला आवाज हवा होता. मालक शिंकल्याशिवाय इथे येत नाहीत आणि त्यांना ही रीतही ठाऊक नाही. कानसेन, तू ऐकलंस तर सूर ऐकतोस, इंग्रजीचा अर्थ तुझ्या कानात शिरत नाही. राहिलं कोण? दोन्ही आवाज एकापाठोपाठ ऐकायला ज्याला वेळ मिळाला, कार्डं ज्याच्या हाताखालची होती, आणि चुकलं की उभं करायचं ही ज्याची चाळीस वर्षांची सवय."

लेक दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पिशवी तिच्या हातातून घसरली आणि तपासण्यांचे कागद जमिनीवर पसरले.

"बाबांनी डिस्क मोडली असेल का?" तिने विचारलं.

घड्याळात साडेतीन वाजले होते.

७

सर घरी खिडकीपाशी बसले होते. गळ्याभोवती मफलर, मांडीवर पाटी. मला पाहून त्यांनी हात वर केला, वर्गात करायचे तसाच, 'बस' असा. मी बसले. पन्नाशी उलटली तरी त्या हातापुढे बसावंच लागतं.

"सर, कार्डं तुम्ही उभी केलीत," मी म्हटलं.

त्यांनी नाकारलं नाही. पाटीवर लिहिलं: साठात अकरा.

मग पुसून लिहिलं: दोनशे बारात किती?

आणि मग खडू थांबेना. लिहीत, पुसत, लिहीत. चाळीस वर्षं. दरवर्षी दोन तुकड्या. तुकडीत पन्नास मुलं. त्यांतली काही मास्तर झाली. त्यांनी पुढे तेच शिकवलं. आता हा शब्दकोश घरोघर जाणार. माझ्याच आवाजात. मी मेल्यावरही तो चुकीचंच बोलत राहणार.

शेवटची ओळ लिहून त्यांनी पाटी पालथी घातली. खांदे हलत होते. आवाज न करता माणूस रडतो तेव्हा बघवत नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

लेक त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, मोडलीत का?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग मफलरच्या आत हात घातला आणि डिस्क बाहेर काढली. शनिवारपासून ती त्यांच्या अंगावरच होती. पाटी सुलटी करून त्यांनी लिहिलं: दोनदा हातोडी घेतली. जमलं नाही.

मला खरं तर त्यांच्यावर रागवायचं होतं. तुमच्यापायी तुमची लेक चोर ठरत होती, एवढं तरी सुनवायचं होतं. तोंडून निघालं ते भलतंच.

"सर, मी सव्वीस वर्षं पुस्तकं तपासते. बिनचुकीचं पुस्तक मी अजून पाहिलेलं नाही. पण चुका निघाल्या म्हणून पुस्तक जाळताना कुणाला पाहिलं नाही. पानं फुकट जाऊ देत नाहीत आम्ही. एक शुद्धिपत्र छापतो आणि पहिल्या पानाला चिकटवतो. तुमचा आवाज अजून तीन दिवस तुमच्याजवळ आहे."

त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं.

"डॉक्टरांना विचारते," लेक म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज चढलेला ऐकू येत होता. बाहेर आली तेव्हा नाक पुसत होती. "दहा मिनिटं. त्यावर एक सेकंद नाही. दुखलं की थांबायचं."

मी मालकांना फोन लावला. पाचला सात मिनिटं कमी होती. डिस्क मिळाली, चोर नाही, आणि बुधवारी खोली लागेल, एवढंच सांगितलं. ते चोराचं नाव विचारत राहिले. मी म्हटलं, "एक प्रत लेकीला द्या, मग सांगते." त्यांनी आधी करार काढला. शेवटी प्रत कबूल केली. नाव मी अजून सांगितलेलं नाही.

८

मंगळवारी दिवसभर निवेदिका आणि मी सरांच्या घरी बसलो. ती एकेक कार्ड वाचायची, सर ऐकायचे, चुकलेलं स्वतःच्या हाताने उभं करायचे. कधी एखाद्या शब्दावर पाटी पुढे करून हुज्जत घालायचे. दोनदा तेच बरोबर निघाले, तेव्हा तिने कान धरले. संध्याकाळपर्यंत माना मोजल्या: एकोणतीस.

बुधवारी सकाळी दहाला सर काचेआड बसले. मालक दाराबाहेर होते. चौथ्या शिंकेनंतर लांब गेले. लेक कानसेनच्या शेजारी घड्याळ घेऊन बसली होती. ती पहाटेपासून आंघोळ घालणं, औषधं, कागदपत्रं यांत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

कानसेनने बोट खाली केलं. सर बोलले.

आवाज फाटका होता. "वूंड म्हणजे जखम," ते म्हणाले. "वाउंड म्हणजे गुंडाळलं." एका हाताने कार्ड उचलायचे, वाचायचे, आडवं ठेवायचे. घाई नाही, थांबणं नाही. एकेक मान खाली जात होती. मी ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणत होते, जुनं पुसून नवं. एकोणतिसावं झालं तेव्हा घड्याळात आठ मिनिटं आणि थोडे सेकंद झाले होते.

सर उठले नाहीत. माइककडे वाकून ते आपल्या भाषेत म्हणाले, "माझ्या वर्गात बसलेल्या सगळ्यांना. हे शब्द मी तुम्हाला उलटे शिकवले. चूक माझी. तुमच्या मुलांना सरळ शिकवा."

मी तोंडावर पदर धरला. निवेदिका तर उघड रडत होती.

"नऊ मिनिटं," लेक म्हणाली आणि दार ढकलून आत गेली. तिला त्यांना थांबवायचं होतं. तिने मफलर नीट केला, हात धरून उठवायला वाकली. माइक अजून चालूच होता. कानसेनचा हात बटणावर होता, पण त्याने ते दाबलं नाही.

सरांनी तिचा चेहरा निरखून पाहिला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

तिने आदल्या रात्रीपासून पाण्याच्या घोटाखेरीज काही घेतलं नव्हतं.

"हो, बाबा," ती म्हणाली, "पोटभर जेवले."